निवडणुकीच्या मोसमात गाणे घेऊन फिरताना

आमचा मोसम कोजागिरीला सुरू होतो. दिवाळी पहाट, त्रिपुरी पौर्णिमा, गावोगावच्या जत्रा असे करत तो गुढीपाडव्याला संपतो आणि वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा या काही महिन्यांतच हाती येतो. 2024 साली विधानसभेची निवडणूक नेमकी या मोसमावर आली. 15 ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि दुसऱ्याच दिवशी कोजागिरी होती. उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस 29 ऑक्टोबर, नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबर आणि मतदान 20 नोव्हेंबर. पुण्याहून निघून मराठवाड्यापर्यंतचे आमचे सगळे कार्यक्रम या तारखांच्या मधोमध होते.

अभंग, भारुडे, पोवाडे आणि भीमगीते असा आमचा कार्यक्रम असतो. मी गाते आणि संवादिनी वाजवते. पखवाज, ढोलकी, बासरी, टाळ, तुतारी आणि निवेदन सांभाळणारे साथीदार बरोबर असतात. कागदपत्रांचे कामही माझ्याकडेच असल्याने परवान्याच्या अर्जापासून मानधनाच्या पाकिटापर्यंत सगळे माझ्या हातून जाते. अस्वस्थ राजकीय काळातल्या कलेविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा मोठ्या घटनांविषयी बोलतो. ऑक्टोबर 2015 मध्ये पाकिस्तानी गझलगायक गुलाम अली यांची मुंबईतली मैफल राजकीय विरोधामुळे रद्द झाली, हे सर्वांच्या लक्षात आहे. पण तालुक्याच्या गावी सतरंजीवर बसलेल्या श्रोत्यांपुढे गाणाऱ्या कलावंताला उघड बंदी क्वचितच भेटते. त्याच्या वाट्याला येते ती बंदीच्या कितीतरी आधीची, कोणीही लेखी न देणारी काटछाट. त्या मोसमात ती मी जवळून पाहिली.

कार्यक्रम ठरला की पहिला कागद जागेचा. मैदान नगरपरिषदेचे असेल तर भाडे भरल्याची पावती, देवस्थानचा सभामंडप असेल तर विश्वस्तांचे पत्र. ते जोडून पोलीस ठाण्यात अर्ज करायचा. त्यात कार्यक्रमाचे स्वरूप, वेळ, अपेक्षित श्रोते, कलाकारांची नावे व आधारकार्डांच्या प्रती, साउंडवाल्याचे नाव आणि आयोजकांचे हमीपत्र असते. गोपनीय शाखेचा अंमलदार चौकशी करतो आणि मग ध्वनिक्षेपकाचा परवाना मिळतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत सैल करता येते. हा नियम मला मान्य आहे, कारण आजारी माणसाच्या झोपेपेक्षा माझे गाणे मोठे नाही. मात्र त्याची किंमत संगीताने मोजली आहे, हेही खरे. उत्तररात्रीचे राग उघड्या मैफलीतून जवळजवळ गेले आणि दरबारी राग आता लोक साडेआठ वाजता ऐकतात. दिवाळी पहाटेचे त्या मानाने बरे आहे. ऑक्टोबरअखेरीस सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो, त्यामुळे सहाला सुरुवात केली तरी ललत रागाला अर्ध्या तासाचा अंधार मिळतो.

आचारसंहितेत या कागदांत भर पडली. बहुतेक ठिकाणी मला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन कार्यक्रम अराजकीय असल्याचे लेखी द्यावे लागले. व्यासपीठावर कोणत्याही उमेदवाराचे नाव, छायाचित्र किंवा चिन्ह असणार नाही आणि सभागृहातले लोकप्रतिनिधींचे फलक आयोजक झाकून ठेवतील, अशी त्यात हमी असे. तिथल्या कर्मचाऱ्यांनी मला कधी अडवले नाही. प्रचारसभांच्या अर्जांचे गठ्ठे समोर असताना अभंगाच्या कार्यक्रमाचा कागद हातात घेऊन बसलेल्या बाईला त्यांनी पाणी विचारले, काम करून दिले.

एका पोलीस ठाण्यात सही होईपर्यंत थांबले असताना फलकावर लावलेला मनाई आदेश मी पहिल्यांदा शब्दशः वाचला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खालचा हा आदेश वर्तमानपत्रात आपण नेहमी पाहतो. तो बहुतेकदा पंधरा-पंधरा दिवसांसाठी निघतो आणि पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला मनाई करतो, एवढेच मला माहीत होते. पण त्याच कलमात शस्त्रे, दगड, स्फोटके आणि प्रतिमांचे प्रदर्शन यांच्या ओळीत जाहीरपणे गाणी म्हणणे आणि वाद्ये वाजवणे हेही बसवलेले आहे. परवानगी घेतलेल्या कार्यक्रमाला या आदेशाची आडकाठी होत नाही, हे अंमलदारांनी मला नीट समजावून सांगितले. तरी ती ओळ मनात राहिली. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 126 ही असेच आहे. मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत संगीताचा जलसा किंवा नाट्यप्रयोग भरवून निवडणुकीचा प्रचार करायला त्याने स्पष्ट मनाई केली आहे. कायदे लिहिणाऱ्यांना गाण्याचे बळ चांगले ठाऊक होते. ते ठाऊक असायला आपल्याकडे कारणही आहे. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, गिरणगावापासून खेड्यांपर्यंत ते पोहोचले आणि पुढे मुंबई सरकारने त्याच्यावर बंदी आणली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच शाहिरांच्या डफावर मैदाने भरली. आज पोवाडा गाणारा प्रत्येक जण या परंपरेचा वारस आहे, मग तो स्वतःला राजकीय समजो वा न समजो.

सरकारी कागद असे एकेक करून पूर्ण झाले. अडचण आली ती आयोजकांच्या फोनमधून. ही माणसे वाईट नव्हती. त्यांच्यातली बरीचशी वर्षानुवर्षे पदरमोड करून गावात गाणे आणतात. पण सगळ्यांच्या मनात आदल्या वर्षाची आठवण होती. 30 ऑक्टोबर 2023 ला आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, एसटी बंद पडली. कोजागिरीचे कार्यक्रम करून आम्ही तेव्हा त्याच भागात होतो आणि रस्ता मोकळा होईपर्यंत एका मंगल कार्यालयात वाद्ये उशाला घेऊन झोपलो होतो. गावागावांत मराठा आणि ओबीसी समाजांमध्ये आलेला ताण 2024 च्या उन्हाळ्यात लोकसभेच्या मतदानातही दिसला. ज्या गावात एकमेकांच्या दुकानात जाणे टाळले जाते, तिथे दोघांनाही एका मांडवात बोलावणारा आयोजक घाबरला तर त्याला मी नावे ठेवणार नाही.

गाण्यांची यादी आगाऊ पाठवण्याची आमची पद्धत आहे. त्या वर्षी ती परत येताना तिच्यातून काही ना काही गळालेले असे. "ताई, तेवढे एक गाणे या वेळी राहू द्या, पुढच्या वर्षी दोन म्हणा," असे आर्जवाने सांगत. एका गावाला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा अभंग नको होता. हे संतकवी वारकरी परंपरेने आपले मानलेले, तरी त्यांच्या नावाने कोणी हरकत घेईल, ही धास्ती. दुसऱ्या गावाला भीमगीत नको होते. प्रेक्षकांत त्याचे चाहते भरपूर, पण "वातावरण वेगळे आहे" एवढेच कारण. तिसऱ्या ठिकाणी शिवरायांचा पोवाडा नको होता, कारण दोन्ही बाजूंचे उमेदवार महाराजांचे नाव घेऊन मते मागत होते आणि पोवाडा कोणाच्या बाजूचा मानला जाईल, याची आयोजकांना खात्री नव्हती. या तिन्ही याद्यांमधली वगळलेली गाणी एकत्र केली तर आमच्या कार्यक्रमाचा अर्धा भाग होत होता. एकाही ठिकाणी पोलिसांनी, निवडणूक यंत्रणेने किंवा कोणत्याही पक्षाने कसलीच मागणी केली नव्हती. कोणी तरी काही तरी म्हणेल, या अंदाजावर गाणी गळत होती, आणि अंदाजाशी वाद घालता येत नाही, कारण समोर माणूसच नसतो.

तुतारीचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. फेब्रुवारी 2024 मध्ये तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचे चिन्ह झाले. मशाल, कमळ, घड्याळ, धनुष्यबाण आणि हाताचा पंजा आधीपासून होतेच, आणि संतांच्या रचना व पोवाडे धुंडाळले तर यांतले बहुतेक शब्द सापडतात. देवाच्या चरणांना कमळ म्हटल्याशिवाय भक्तिरचना पुढे सरकत नाही. शब्द गाण्यात विरघळून जातात, वाद्य तसे विरघळत नाही. आमच्याकडे पोवाड्याआधी तुतारी फुंकली जाते. ज्या साथीदाराकडे ती आहे, त्याच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. देवाच्या पालखीपुढे, वरातीपुढे, पाहुण्यांच्या स्वागताला वाजवायची, हे त्यांचे घराणे आणि पोटही. तुतारीला मोजकेच सूर असतात आणि तिची ललकारी आमच्या पट्टीत नेमकी बसत नाही, म्हणून ती विरली की लगेच मी संवादिनीवर षड्ज धरते आणि शाहीर तो उचलतो. आमच्या कार्यक्रमातला तो क्षण मला फार प्रिय आहे. आयोजकांना मात्र वाटे की तुतारी वाजताच मांडवातला एक गट शिट्ट्या मारील, दुसरा उठून जाईल आणि कोणाच्या तरी मोबाइलमधून त्याची चित्रफीत जिल्हाभर फिरेल.

मी साथीदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "ताई, वाजवायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण मला स्टेजवर नुसता उभा करू नका." त्यानंतर मी परवान्याच्या अर्जाला वाद्यांची स्वतंत्र यादी जोडू लागले आणि तुतारी तिच्यात ठळकपणे लिहू लागले. त्या यादीवर ठाण्याचा शिक्का मिळाला की आयोजकांना प्रत पाठवायची. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने काम भागले आणि तुतारी वाजली. मला जी भीती घालण्यात आली होती तिच्यातले काहीही घडले नाही. लोकांनी मान वर करून ऐकले आणि पोवाड्याची वाट पाहिली. एका ठिकाणी शिक्का पाहूनही आयोजक राजी झाले नाहीत. तिथे साथीदाराला पूर्ण मानधन देऊन आम्ही संबळावर सुरुवात केली. हा तोडगा मला आजही पटलेला नाही. निवडणुकीच्या चिन्हाचे आयुष्य पक्षाएवढे असते, आणि वाद्याने त्याच्यासाठी गप्प का बसावे, याचे उत्तर मी त्याला देऊ शकले नाही.

दिवाळी पहाटेचे गणित पैशाचे होते. शहरांतून या कार्यक्रमांचा खर्च बहुधा स्थानिक राजकीय मंडळीच उचलतात. यात गैर काही नाही. राजाश्रय गेल्यावर गाण्याला कोणाचा तरी आश्रय लागणारच. पण एकदा माणूस उमेदवार झाला की ज्या कार्यक्रमावर त्याचे नाव आहे त्याचा खर्च त्याच्या निवडणूक खर्चात धरला जाऊ शकतो, आणि विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांची मर्यादा आहे. त्यामुळे अर्ज भरण्याच्या आठवड्यात एका ठिकाणी आश्रयदात्याने हात आखडता घेतला. वसाहतीतल्या लोकांनी घरटी वर्गणी काढून तो कार्यक्रम केला आणि मोसमातला सर्वांत निवांत कार्यक्रम तोच झाला. दुसऱ्या ठिकाणी उलट झाले. फलकावर नाव नको, पण मध्यंतरात "भाऊंच्या कृपेने" एवढे दोन शब्द गायिकेने म्हणावेत, असा निरोप आला. मी नम्रपणे नाही म्हटले आणि आचारसंहितेचे कारण दिले. आचारसंहिता नसती तरी मी नाहीच म्हटले असते. आभार मानण्याचे काम निवेदकाचे आहे, आणि ललत गाऊन झाल्यावर त्याच गळ्यातून कोणाची भलामण निघू नये, असे मला मनापासून वाटते.

अहिल्यानगर सोडून बीडच्या वाटेला लागलो की नाक्यांवर निवडणुकीच्या काळात गाड्या तपासणारी स्थिर सर्वेक्षण पथके उभी असत. पन्नास हजारांपेक्षा अधिक रोख रक्कम बाळगली तर तिचा हिशेब दाखवावा लागतो, आणि आमच्या धंद्यात मानधन अजूनही पुष्कळदा पाकिटात मिळते. म्हणून मी करारपत्रे, परवाने आणि पावत्यांची फाइल पुढच्या सीटवरच ठेवत असे. एका रात्री टेम्पो ट्रॅव्हलर थांबवून सगळे सामान उतरवायला सांगितले. कॅमेरा सुरू होता. दोन तुकड्यांत सोडलेली तुतारी कापडी पिशवीतून निघाली तेव्हा पथकातल्या तरुणाने विचारले, "हे प्रचारसाहित्य आहे का?" साथीदाराने उत्तर न देता तुकडे जोडले आणि तोंडाजवळचा भाग त्याला दाखवला, वर्षानुवर्षे ओठ टेकून तिथले पितळ पातळ आणि गुळगुळीत झाले आहे. त्या तरुणाने त्यावरून बोट फिरवले आणि ती स्वतःच्या हाताने परत पिशवीत घातली. संवादिनी उघडताना मात्र मी विनंती केली की पेटी डांबरावर न ठेवता सतरंजीवर ठेवावी, कारण धूळ सुरांच्या पट्ट्यांत शिरली की एखादा सूर बसतो आणि प्रवासात तो दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही. हवालदारांनी सतरंजी अंथरली, स्वतः विजेरी धरली आणि भात्याच्या आत नजर टाकून झाकण लावले. वाद्यांची शिक्का मारलेली यादी तिथेही उपयोगी पडली.

त्याच फेरीत एका तालुक्याच्या गावी देवळाच्या सभामंडपात आम्ही गायलो. विलंबित लयीतला पहिला अभंग सुरू असताना बाहेरच्या रस्त्यावरून प्रचाराच्या रिक्षा जात होत्या. चित्रपटगीतांच्या चालीवर बसवलेली प्रचारगीते आमच्या तानपुऱ्याच्या पट्टीपासून भलत्याच पट्टीत वाजत होती आणि एक रिक्षा दूर गेली की दुसरी येई. अशा वेळी आलाप करणे अशक्य होते; आम्ही लय वाढवून टाळ धरला. मध्यंतरात फर्माइशींच्या चिठ्ठ्या आल्या. त्या माझ्याकडे अजून आहेत. एकीत सावता माळ्यांचा अभंग मागितला होता, एकीत तुकोबांचा, एकीत चोखोबांचा, एकीत पोवाडा, आणि वहीच्या चौकटीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या एकीत भीमगीत. निवेदक हळूच म्हणाला की प्रत्येकाने आपापला संत मागितला आहे. ते खरे होते. पूर्वीही चिठ्ठ्या येत, पण तेव्हा लोक चाल मागत, गायकाची लकेरी मागत. आता नावामागची जात मागितली जात होती, असे मला त्या रात्री वाटले आणि त्याचे वाईट वाटले.

आम्ही यादी बाजूला ठेवली आणि चिठ्ठ्यांच्या क्रमानेच गायलो. निवेदन टाळले. एका रचनेचा शेवट आणि दुसरीची सुरुवात यांत टाळी पडायला जागाच ठेवली नाही. पखवाजवाल्याने ठेका न सोडता पट्टी तीच धरली. सावतोबांच्या अभंगावर डावीकडचे लोक डोलत होते, तुकोबांवर उजवीकडचे. चोखोबांचे धृवपद तिसऱ्यांदा घेतले तेव्हा मागच्या खांबाजवळ बसलेल्या वारकरी म्हाताऱ्याने आपले टाळ काढले, आणि मग पुढच्या मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला. त्या रात्री गावातला ताण कमी झाला, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी दुकाने तशीच असतील. पण त्या सलग अर्ध्या तासात कोणीही उठून गेले नाही, आणि ज्या गाण्यांना "वातावरण वेगळे आहे" म्हणून इतरत्र वगळले गेले होते, ती सगळी तिथे झाली. पुढच्या आयोजकांशी बोलताना मी याच कार्यक्रमाचा दाखला देत असे.

मोसमाचा सर्वांत मोठा तोटा 19 नोव्हेंबरच्या कार्यक्रमात झाला. 18 तारखेला संध्याकाळी प्रचार संपला आणि कलम 126 चा 48 तासांचा काळ सुरू झाला. कलम नीट वाचले तर बंदी आहे ती निवडणुकीच्या प्रचारावर. अभंगांच्या कार्यक्रमावर नाही. आमच्याकडे ठाण्याची परवानगीही होती. तरी 17 तारखेला रात्री आयोजकांचा फोन आला की विश्वस्तांनी जोखीम नको असे ठरवले आहे. मी कलमाची प्रत पाठवली, पण निर्णय बदलला नाही. गाडीची आगाऊ रक्कम गेली, साउंडवाल्याचे अर्धे पैसे द्यावे लागले आणि पखवाजवाल्याने त्या तारखेसाठी दुसरीकडची सुपारी सोडली होती, तीही गेली. मुख्य कलाकाराला पुढची तारीख मिळते. साथीदाराला ती मिळेलच असे नाही, आणि रद्द झालेल्या कार्यक्रमाचा भार नेहमी त्याच्यावरच जास्त पडतो.

त्यानंतर मी करारपत्र नव्याने लिहिले. कार्यक्रम सरकारी आदेशाने रद्द झाला तर प्रवासखर्च दोघांनी निम्मा-निम्मा सोसायचा. आयोजकांनी स्वतःहून रद्द केला तर साथीदारांचे पूर्ण मानधन द्यायचे, माझे दिले नाही तरी चालेल. गाण्यांची आणि वाद्यांची यादी कराराला जोडलेली असते, आणि तिच्यातले काही वगळायचे असेल तर आयोजकांनी गाण्याचे नाव आणि कारण लिहून सही करायची. हे शेवटचे कलम वाचून एक-दोन आयोजकांनी आम्हाला बोलावणेच सोडले. बाकीच्यांनी करारावर सह्या केल्या. गाणे वगळण्यासाठी कागदावर कारण लिहायची वेळ आली की आता बहुतेक जण थोडे थांबून "राहू द्या ताई, म्हणा" असे सांगतात. साथीदारांच्या मानधनाच्या कलमावर मात्र अजून प्रत्येक ठिकाणी घासाघीस होते, आणि या मोसमात ते कुठेही खाली येऊ द्यायचे नाही, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले आहे.